जॅकेट घातलं की हृदयातली वीज ‘थेट’ दिसते?

‘अडीचशे इलेक्ट्रोडचं जॅकेट घाला, हृदयातली वीज पडद्यावर थेट पाहा. कॅथेटर (रक्तवाहिनीतून हृदयात सरकवायची बारीक नळी) नको, किरणं नकोत, आणि ब्लॉकेजही आधीच कळतात.’ या आशयाचा मजकूर बराच फिरतोय. तंत्र खरं आहे. त्याला ईसीजी इमेजिंग म्हणतात. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात संशोधक योराम रूडी आणि सहकाऱ्यांनी ते माणसांवर वापरून २००४ साली निष्कर्ष छापले. गडबड आहे ती त्याभोवती रचलेल्या दाव्यांत.

‘थेट दिसते.’ नाही, गणिताने काढली जाते. जॅकेट मोजतं ते छातीच्या कातडीवरचं विद्युत विभव, म्हणजे व्होल्टेज. हृदय आणि कातडी यांच्यामध्ये फुप्फुसं, चरबी, स्नायू, हाडं असतात, आणि तिथवर येताना संकेत पसरट, पुसट होतो. त्यावरून हृदयाच्या पृष्ठभागावर काय घडलं असेल याचा उलटा हिशेब मांडायचा. बंद दाराला कान लावून आत कोण कुठे बसून बोलतंय हे ओळखण्यासारखंच हे काम. मोजणीतली चिमूटभर चूक उत्तरात अवाढव्य होऊ शकते, म्हणून गणिताला मुद्दाम लगाम घालतात, आणि त्यात बारीक तपशील गुळगुळीत होऊन जातात. रंगीत नकाशा देखणा दिसतो, पण तो अंदाज आहे, छायाचित्र नव्हे.

‘किरणं नाहीत.’ हृदय छातीत नेमकं कुठे आहे आणि इलेक्ट्रोड कुठे आहेत, हे कळल्याशिवाय हिशेबच सुरू होत नाही. त्यासाठी सहसा जॅकेट अंगावर असतानाच सीटी स्कॅन करतात. म्हणजे क्ष-किरण आलेच.

‘कॅथेटरची गरज संपली.’ हा दावा सगळ्यात घाईचा. मूळ पद्धत हृदयाचा बाहेरचा पृष्ठभाग दाखवते. दोन कप्प्यांमधला पडदा तिला थेट दिसत नाही. फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी हे नकाशे हृदयाला प्रत्यक्ष टेकवून घेतलेल्या मोजणीशी ताडून पाहिले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. ईसीजीतला क्यूआरएस, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून वीज पसरताना उमटणारा टोकदार भाग, रुंद असेल तिथे जुळणी बरी होती. अरुंद असेल तिथे मात्र ती फारच कमकुवत निघाली. शिवाय दोष सापडला तरी तो जाळायला, म्हणजे अब्लेशनला, बहुतेक वेळा जांघेतून कॅथेटर घालावाच लागतो.

‘बहुतेक’ म्हणण्याला कारण आहे. २०१७ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या डॉक्टरांनी जीवघेण्या व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या अतिवेगवान ठोक्यांच्या) पाच रुग्णांत ईसीजी इमेजिंग आणि स्कॅन यांच्या आधारे जागा हेरली आणि कॅथेटर न घालता बाहेरून २५ ग्रे (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) किरणोत्सर्गाचा एकच डोस दिला. आधीच्या तीन महिन्यांत पाचही जणांचे मिळून अशा वेगवान ठोक्यांचे ६,५७७ झटके नोंदले होते. उपचारानंतरचे सहा आठवडे वगळले, तर पुढे फक्त चार. थक्क करणारंच आहे. पण हे पाचच जण होते, इतर उपाय थकलेले, आणि त्यांतला एक पक्षाघाताने लवकरच दगावला. फॉरवर्डमध्ये ही ओळ कधी नसते.

‘ब्लॉकेज कळतात.’ साफ चूक. ही तपासणी ठोक्यांच्या लयीची आहे. रक्तवाहिनी किती अरुंद झाली हे ती दाखवत नाही. त्यासाठी अँजिओग्राफी लागते, कॅथेटरने किंवा सीटीने. आणि छातीत दुखत असेल तर जॅकेटचा विचारही नको. तिथे लागतो तो साधा बारा लीडचा (हृदयाकडे बारा बाजूंनी पाहणारा) ईसीजी, दवाखान्यात पोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत. त्याला दहा इलेक्ट्रोड पुरतात.