न आलेल्या कूलरचा परतावा

खानदेशात वैशाखातला कूलर हा घरातला कर्ता माणूस असतो. पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की आलेला पाहुणा आधी कूलरसमोरची जागा रिकामी आहे का हे पाहतो आणि मग यजमानांची ख्यालीखुशाली विचारतो. आमचा जुना पत्र्याचा कूलर तळाशी गंजून गळू लागला, तेव्हा नवा घेणे भागच होते. अमळनेरच्या बाजारात डोळ्यांदेखत ठोकून देणारे कारागीर असताना तो ऑनलाइन मागवावा, हा आमच्या चिरंजीवांचा आग्रह. पैसे आगाऊ भरल्यास थोडी सूट होती, म्हणून ७,२९९ रुपये यूपीआयने तत्काळ रवाना झाले. त्यांना वाटेत काहीही अडचण आली नाही.

कूलर मात्र आला नाही. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही, कारण प्रवासात वस्तू गहाळ होणे मनुष्यधर्माला धरूनच आहे. बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते तेव्हा गर्दीत मूल चुकले, तर ध्वनिक्षेपकावरून त्याच्या सदऱ्याचा रंग पुकारला जातो आणि घटकाभरात ते आईच्या कडेवर परत येते. कुरिअरमध्ये अशी सोय नाही, हेही मी समजून घेतो. मला जड गेले ते पुढचे काम. जी वस्तू आपल्याकडे आलेलीच नाही, ती आपल्याकडे नाही, हे कागदोपत्री सिद्ध करणे किती अवघड असते, याची कल्पना आयुष्यभर शाळेत शिकवूनही मला नव्हती.

वास्तविक शंका यायला हवी होती ती कूलरच्या प्रवासमार्गावरूनच. मोबाइलवरच्या नोंदीप्रमाणे तो भिवंडीच्या गोदामातून निघाला, नाशिकला मुक्काम करून धुळ्याला पोहोचला, आणि धुळ्याहून अमळनेर हे जेमतेम तासाभराचे अंतर असताना आम्हाला वगळून थेट जळगावला गेला. तिथून तो भुसावळला गेला, बहुधा एवढे मोठे जंक्शन एकदा पाहून घ्यावे म्हणून. तिथून परत धुळे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी या देशात पिनकोड सुरू झाला. त्यातले पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा दाखवतात आणि शेवटचे तीन नेमके टपाल कार्यालय. धुळे ४२४ मध्ये येते आणि आम्ही ४२५४०१ मध्ये. एवढ्या सहा आकड्यांच्या आधारावर आमचे जुने पोस्टमन पुसट शाईतले पोस्टकार्डसुद्धा अचूक दारात आणून टाकत. कमरेएवढा कूलर त्यांच्या हातून सुटला नसता.

अखेर एका भर दुपारी निरोप आला की, आपले पार्सल सुपूर्द करण्यात आले आहे आणि ते स्वीकारणारी व्यक्ती ‘रिसेप्शन’ ही आहे. आमच्या घराला रिसेप्शन नाही. ओटा आहे, आणि त्या ओट्यावर निंबाच्या सावलीत शेजारचे आप्पा सकाळच्या चहापासून बसलेले असतात, त्यामुळे गल्लीत शिरणारी कोणतीही हालचाल त्यांच्या नजरेतून सुटत नाही. मी बाहेर येऊन त्यांना विचारले. आप्पांनी डोळ्यांवरचा रुमाल बाजूला केला आणि म्हणाले, “सर, आठे तं सकायपासून मांजरबी उनी नही.”

सुपूर्द केल्याचा पुरावा म्हणून कंपनीने एक छायाचित्र जोडले होते. त्यात एका दुचाकीचे मागचे चाक, निळ्या रंगाच्या दाराची कड आणि एका बकरीचा मागचा अर्धा भाग एवढेच दिसत होते. कूलर कुठेच नव्हता. आप्पांनी मोबाइल उन्हात धरून, मग सावलीत धरून ते चित्र बराच वेळ न्याहाळले आणि निर्णय दिला की ही बकरी आपल्या गल्लीतली नाही, कारण आपल्याकडच्या एकाही बकरीच्या मागच्या पायावर असा पांढरा पट्टा नाही. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात कुणी काढलेला हा सर्वांत शास्त्रशुद्ध निष्कर्ष होता. मी तो तक्रारीत नमूद केला. त्याची दखल कुणीही घेतली नाही.

तक्रार करण्यासाठी अ‍ॅपमध्ये जी यादी दिसते, तिच्यात वस्तू फुटकी आली, चुकीची आली, रंग पसंत पडला नाही, विचार बदलला, असे पर्याय होते. वस्तू आलीच नाही, हा पर्याय माझ्यासाठी उघडत नव्हता, कारण दप्तरी ती आलेली होती. शेवटी ‘अन्य’ या पर्यायावर बोट ठेवले. हा पर्याय निवडणाऱ्या माणसाकडे यंत्र थोडे संशयाने पाहते, असे मला वाटते, कारण त्यानंतर ते बराच वेळ नुसते तीन ठिपके नाचवत राहिले. मग एक मानवी प्रतिनिधी अवतरले आणि त्यांनी अत्यंत गोड हिंदीत आपल्याला माझा त्रास समजतो असे सांगितले. पुढच्या संभाषणात दुसऱ्या प्रतिनिधी आल्या, त्यांनाही माझा त्रास समजत होता. एवढ्या लोकांना एकाच वेळी समजणारा आणि तरीही एकालाही दूर न करता येणारा त्रास मला पूर्वी कधी झाला नव्हता.

तक्रार नोंदवायला फोटो अनिवार्य आहे, असे मला सांगण्यात आले. मी विचारले, कशाचा? उत्तर आले, वस्तूचा. वस्तू मिळालेली नाही, म्हणूनच तक्रार आहे, असे मी लिहिले. तरीही फोटो जोडल्याशिवाय पुढचे पान उघडणार नाही, असे त्यांनी तितक्याच नम्रपणे कळवले. मी ओट्याचा फोटो काढून पाठवला. काही वेळाने तो परत आला. सोबत सूचना होती की चित्रात वस्तू स्पष्ट दिसत नाही, कृपया पुरेशा उजेडात पुन्हा काढावा. उजेडाची आमच्याकडे त्या महिन्यात टंचाई नसते. दुसऱ्या खेपेस मी आप्पांना ओट्यावर उभे केले, त्यांनी टोपी नीट केली, आणि जिथे कूलर असायला हवा होता त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून ते गंभीर मुद्रेने कॅमेऱ्याकडे पाहत राहिले. हा फोटो मात्र एका झटक्यात मंजूर झाला. का झाला, हे मला आजही उलगडलेले नाही.

आता पैसे येतील या समजुतीत आम्ही होतो, तोच एका दुपारी, तोंडाला ओला रुमाल बांधलेला एक तरुण दुचाकीवरून उतरला आणि म्हणाला, “काका, कूलर द्या.”

क्षणभर मला वाटले की तो विनोद करतो आहे. पण त्या उन्हात कुणी विनोदासाठी गल्ली शोधत येत नाही. कंपनीने माझी तक्रार मंजूर केली होती आणि मंजूर तक्रारीचा नियम असा की, ग्राहकाकडून वस्तू परत घेतल्यावरच परताव्याची प्रक्रिया सुरू होते. त्यानुसार न आलेला कूलर परत नेण्यासाठी हा तरुण आला होता. सौ.ने त्याला माठातले पाणी दिले, मग ताक दिले. त्याने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. त्याच्याही यादीत मोजकेच पर्याय होते: वस्तू मिळाली, ग्राहक घरी नाही, ग्राहकाने नकार दिला. वस्तू अस्तित्वातच नाही, ही शक्यता त्याच्या साहेबांनी गृहीत धरलेली नव्हती.

“रिकाम्या हाताने गेलो तर या फेरीचे पैसे नाही मिळत, काका,” तो म्हणाला. त्याचा सूर तक्रारीचा नव्हता, माहिती द्यावी तसा तो म्हणाला, आणि मला एकदम माझ्या ७,२९९ रुपयांची लाज वाटली.

इकडे आप्पांनी परिस्थितीचा अंदाज घेऊन व्यवहार्य तोडगा सुचवला. “सर, हाऊ जुना दी टाका ना त्याले,” ते आमच्या गळक्या कूलरकडे बोट दाखवून म्हणाले. त्या तरुणाने खरोखर वाकून जुन्या कूलरकडे पाहिले, पत्र्यावर टिचकी मारली आणि दुचाकीच्या मागच्या सीटकडे नजर टाकली. दोन कारणांनी मी नकार दिला. एक तर तो अप्रामाणिकपणा झाला असता, आणि दुसरे म्हणजे, तळाला एम-सील लावल्यापासून तो कूलर पुन्हा बऱ्यापैकी गार हवा देऊ लागला होता. शेवटी त्याने नाइलाजाने ‘ग्राहकाने नकार दिला’ या पर्यायावर बोट दाबले. अशा रीतीने त्या दुपारपासून दप्तरी मी असा इसम झालो, ज्याने कूलर घेतला, पैसे परत मागितले आणि न्यायला आलेल्या माणसाला मात्र कूलर देण्यास साफ नकार दिला. संध्याकाळी अ‍ॅपवर प्रेमळ विचारणा आली की, नव्या कूलरची हवा कशी वाटते आणि त्याला आपण किती तारे द्याल.

मग जळगावच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या भाच्याला फोन केला. वकील नातेवाईक असण्याचा तोटा असा की तो सल्ल्याआधी पाऊण तास कायदा सांगतो. पण या वेळी तो कायदा ऐकून बरे वाटले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० मध्ये ई-कॉमर्सचे स्वतंत्र नियम झाले आहेत. त्यांनुसार अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावा लागतो. त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावायचा असतो. मी इतके दिवस ज्यांच्याशी बोलत होतो, त्यांच्यापैकी कुणीही हा अधिकारी नव्हता. त्याचे नाव संकेतस्थळाच्या अगदी तळाशी, जिथे वाचकाचा अंगठा सहसा पोहोचत नाही, तिथे बारीक अक्षरांत होते.

मी त्यांना पत्र लिहिले. मागणीची तारीख, रक्कम, पैसे भरल्याचा तपशील, ‘रिसेप्शन’ची नोंद, बकरीचे छायाचित्र, ओटीपी न मागताच सुपूर्दगी दाखवल्याचा मुद्दा आणि न आलेली वस्तू न्यायला माणूस पाठवल्याची हकिकत, हे सगळे क्रमवार मांडले. शाळेत असताना मुख्याध्यापकांना रजेचे अर्ज लिहून कमावलेली भाषा अशी उपयोगी पडली. पोच ४८ तासांची मुदत संपता संपता आली. तिच्यात माझा त्रास समजल्याचा उल्लेख होता.

त्यानंतर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तिथे मराठीत बोलता येते, ही गोष्ट मला दहा वाक्ये हिंदीत बोलून झाल्यावर कळली. पलीकडच्या बाईंनी मला त्रास झाला का, हे विचारले नाही. त्यांनी मागणी क्रमांक विचारला, रक्कम विचारली, कंपनीकडच्या तक्रारीचा क्रमांक विचारला आणि फोन ठेवल्यावर नोंदणीचा संदेश पाठवला. इतक्या कोरड्या आवाजाने एवढा दिलासा मिळू शकतो, हे मला नवीन होते. एवढ्याने भागले नाही, तर ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते, तक्रारदार जिथे राहतो तिथल्याच आयोगात तक्रार चालते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही, हेही भाच्याने सांगून ठेवले होते. मी हे वाक्य कंपनीला पाठवलेल्या पुढच्या पत्रात शेवटी घातले. जळगावचे नाव ऐकून कुणी घाबरेल असे मला वाटले नव्हते, पण दोनच दिवसांत माझा परतावा तत्त्वतः मंजूर झाला.

तत्त्वतः, कारण तो लगेच हवा असल्यास त्यांच्याच वॉलेटमध्ये मिळणार होता. त्या पैशांनी त्यांच्याच दुकानातून दुसरा कूलर मागवता येईल, असेही सुचवण्यात आले. मी बँक खात्याचा आग्रह धरला. मग ‘५ ते ७ कामकाजाचे दिवस’ सुरू झाले, ज्यांत शनिवार, रविवार आणि मधला एक सण धरलेला नव्हता. ते उलटल्यावर कंपनी म्हणे पैसे पाठवले आणि बँक म्हणे आले नाहीत. या वादातून सुटका केली ती बारा आकडी व्यवहार क्रमांकाने. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला तसा क्रमांक असतो, आणि परताव्याचाही तो मागून घ्यायचा असतो. तो सांगितल्याबरोबर बँकेतल्या मुलीने पडद्यावर बोट फिरवले आणि रक्कम सापडली. डिलिव्हरी शुल्क तेवढे कापलेले होते, कारण डिलिव्हरी झाली असल्याचे दप्तर अजूनही सांगत होते. मी ते सोडून दिले. भाच्याला मात्र हे पटलेले नाही. मृग नक्षत्र लागून पावसाच्या दोन सरी येऊन गेल्यावरही तो अधूनमधून त्या शुल्काची चौकशी करतो.

या साऱ्यामुळे गल्लीत माझी पत वाढली आहे. पूर्वी लोक मुलांचे दाखले आणि अर्ज घेऊन येत, आता मोबाइल घेऊन येतात. परवा आप्पांच्या सूनबाईंनी मागवलेले मिक्सरचे भांडे ‘रिसेप्शन’ने स्वीकारल्याचा निरोप आला, तेव्हा आप्पा स्वतःच ओटा उतरून माझ्याकडे आले. मी त्यांना तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव कुठे सापडते ते दाखवले, १९१५ लिहून दिला आणि फोटोच्या पानापाशी येऊन थांबलो. आप्पांनी पुन्हा उन्हात उभे राहण्यास नकार दिला. म्हणून माझ्या मोबाइलमधला तोच जुना फोटो, ज्यात ते स्वतः टोपी घालून रिकाम्या जागेकडे बोट दाखवत आहेत, आम्ही जोडून दिला. वस्तू स्पष्ट दिसत असल्याचे कळवून कंपनीने तो ताबडतोब मंजूर केला.