मेव्हण्याचा रेंजर

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये कोणी रेंजर घेतो म्हणालं की मी त्याला आधी समजावून बघतो. फायटर घे, मार खायला नि द्यायला बरा. क्लेरिक घे, जखमा बऱ्या करणारा म्हणून सगळे तुला धरून राहतील. पण रेंजर घेणारा सख्खा मेव्हणा असेल आणि त्याची बहीण त्याच टेबलावर विझर्ड, म्हणजे जादूगार, खेळत असेल, तर डंजन मास्टरची सत्ता फक्त पुस्तकात उरते.

खेळ ठाऊक नसणाऱ्यांसाठी सांगतो. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र. मी डंजन मास्टर, म्हणजे जग मी चालवतो. राक्षस माझे, हवामान माझं, आणि कोणाचा वार लागला ते वीस बाजूंचा फासा सांगतो. रेंजर म्हणजे रानातला लढवय्या. माग काढतो, बाण मारतो, झाडपाल्याची थोडी जादूही करतो. वर्णन ऐकून कोणीही भुलेल. मेव्हणा भुलला.

पहिली ठिणगी जंगलावरून पडली. ते जंगल मी जीव ओतून केलं होतं. बारा दिवसांची वाट, मधे दलदल, सातव्या दिवशी शिधा संपायचा, आठव्या दिवशी टोळीत कुरबूर. शनिवारी रात्री जागून षटकोनी चौकटींच्या कागदावर नदी रंगवली. रविवारी मेव्हण्याने कॅरॅक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली.

"दाजी, नॅचरल एक्सप्लोरर. आवडता प्रदेश जंगल. आमची टोळी वाट चुकत नाही."

"दाट धुकं आहे."

"जादूचं?"

"नाही, साधंच."

"मग नाही चुकत."

"चिखल आहे. वेग निम्मा होतो."

"आमचा नाही होत. वरच्याच ओळीत आहे."

"सातव्या दिवशी शिधा संपतो," मी शेवटचा बाण काढला.

"गुडबेरी. एका मंत्रात दहा बोरं, एका बोरावर माणसाचा दिवस निघतो. आम्ही चौघं. उरलेली सहा ताईच्या पाळीव घुबडाला."

चहा निवायच्या आत बारा दिवसांचं जंगल संपलं. नदी तर कोणी पाहिलीसुद्धा नाही.

रेंजरची गोची आहे ती इथे. गडी रानात इतका तरबेज की रानच शिल्लक राहत नाही. फायटर लढाईत तरबेज आहे म्हणून कोणी लढाई रद्द करत नाही. त्याला जास्त वार देतात, तो फासे टाकतो, टेबलावर आरडाओरडा होतो. रेंजरच्या हातात मात्र फासा पडायच्या आधीच प्रश्न निकालात निघतो. त्याचं कर्तृत्व म्हणजे काहीही न घडणं, आणि न घडलेल्या गोष्टीला टाळ्या कोण देणार? बरं, जंगल सोडून टोळीला शहरात नेलं, तर हाच पठ्ठ्या उपऱ्यासारखा कोपऱ्यात बसून धनुष्य पुसतो.

रेंजरला एक आवडता शत्रूही निवडायचा असतो. त्याचीही तीच कथा. याने 'जायंट', म्हणजे महाकाय राक्षस, निवडले. माझी मोहीम भुताखेतांची. आम्ही खेळतो त्या २०१४च्या नियमांत आवडत्या शत्रूवर जादा इजा वगैरे काही नाही. त्याचा माग सोपा जातो, त्याच्याबद्दल वाचलेलं आठवतं आणि त्याची भाषा येते, म्हणजे भेटलाच तर विचारपूस करता येते. बरेच रविवार मेव्हणा हिरमुसून गेल्यावर स्वयंपाकघरातून निरोप आला, "त्याच्यासाठी एखादा राक्षस टाक ना रे." टाकला. थडग्याच्या तळघरात, सांगाड्यांच्या मधोमध, सोळा फुटी जायंट. हा चार फुटी दारातून आत कसा आला, असं बाकी एकाही खेळाडूने विचारलं नाही. विचारलं ते फक्त जिने शिफारस केली होती तिने.

तिसऱ्या लेव्हलला, म्हणजे पात्राच्या तिसऱ्या पायरीवर, रेंजरच्या सोबतीला लांडगा आला. हे प्रकरण वाचून कोणाच्याही डोळ्यांत पाणी यावं. स्वतः बाण मारायचा की लांडग्याला चावायला सांगायचं, दोन्हींतलं एकच. मालकाने हुकूम सोडला नाही, तर मूळ पुस्तकाप्रमाणे लांडगा समोर ओग्र नावाचा दांडगा राक्षस उभा असला तरी चावत नाही. ओग्रच्या सोट्याची सरासरी इजा तेरा. लांडग्याचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, बारा. नवा लांडगा जोडायला नियमाने आठ तास लागतात. सुतक किती पाळायचं ते नियमात नाही, ते आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर ठरलं. "तू मोत्याला मारलंस" हे वाक्य मी आमटी वाढून घेताना ऐकलं आहे.

याचा दोष एकट्या माझ्या टेबलाला देता येत नाही. रेंजर हा प्राणी १९७५मध्ये 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या नियतकालिकात जो फिशरने आणला, तेव्हापासून प्रत्येक पिढीने त्याची डागडुजी केली आहे. १९७८च्या नियमांत तीनपेक्षा जास्त रेंजर एकत्र काम करू शकत नसत. मालमत्ता स्वतःवर आणि घोड्यावर लादता येईल तेवढीच ठेवायची, बाकीची सत्कार्याला दान, पण सोबतच्या खेळाडूला नाही, ही पळवाटसुद्धा बंद. जायंट कुळावर लेव्हलगणिक जादा इजा मिळे, आणि त्या कुळाच्या यादीत जेमतेम तीन फुटांचे कोबोल्डही होते. मेव्हण्याला हे सांगितलं तेव्हा तो जुनं पुस्तक शोधायला लागला.

१९८९मध्ये रेंजरच्या दोन्ही हातांत शस्त्रं आली. २००० साली बहुतेक ऐवज पहिल्याच लेव्हलला देऊन टाकला, मग ज्याने त्याने एक लेव्हल रेंजरची घ्यावी आणि पुढच्या लेव्हल दुसऱ्या पेशाच्या घेत चालू पडावं. २००३मध्ये ते निस्तरलं. २००८मध्ये जादू काढून घेतली आणि एका झपाट्यात दोन वार दिले. माझ्या मते हिशेब तेव्हाच काय तो जमला होता, पण लोक म्हणाले, हा रेंजरच नव्हे. पुढे २०१५ आणि २०१६मध्ये प्रायोगिक आवृत्त्या, २०२०मध्ये पर्यायी नियम. त्यांत जनावर जरा सुधारलं.

आणि २०२४मध्ये सगळा रेंजर 'हंटर्स मार्क' या, हेरलेल्या शिकारीला जादा इजा करणाऱ्या, एका मंत्रावर टांगला. त्याला कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणजे तसं लक्ष मागणारा दुसरा मंत्र टाकला की हा सुटतो. विसाव्या लेव्हलला बक्षीस काय, तर त्या मंत्राचा सहा बाजूंचा फासा दहा बाजूंचा होतो. सरासरी वाढ दोन. जन्मभर चिखल तुडवल्यावर हे, म्हणजे थेट आमच्या ऑफिसातलं अप्रेझल. विझर्डला सतराव्या लेव्हललाच 'विश' मिळतो, म्हणजे मागशील ते. बायको हे उतारे मोठ्याने वाचून दाखवते.

शेवटी मी माझाच नियम केला. वाट न चुकणं रद्द. त्याऐवजी रेंजर फासा टाकणार आणि मी त्याला प्रत्येक वाटेची किंमत सांगणार. दलदलीतून गेलात तर दोन दिवस वाचतील, पण ट्रोल राक्षसाचे ताजे ठसे आहेत. डोंगरावरून जा, ठसे नाहीत, पाणीही नाही. बोरांनी पोट भरेल, तहान भागणार नाही. निवड टोळीची, पण माहिती फक्त याच्याकडे. लांडगा रोज एकदा स्वतःच्या अकलेने चावेल.

त्या रविवारी टेबलावर पहिल्यांदाच सगळे मेव्हण्याकडे बघून बोलत होते. तो उभा राहून ठशांचं वर्णन करत होता. नदी दोनदा ओलांडली गेली. ट्रोलला लांडग्याने स्वतःहून चावा घेतला तेव्हा शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. बायकोच्या फायरबॉलचे आठ फासे तसेच पडून राहिले, कारण ओल्या रानात आग लावू नकोस असं तिच्या भावाने तिला बजावलं होतं.

खेळ आटोपल्यावर ती कॅरॅक्टर शीट घेऊन माझ्यासमोर बसली. "मलाही रेंजरची एक लेव्हल हवी. एकच."

मी पुस्तक उघडलं. विझर्डला रेंजरची लेव्हल घ्यायची तर चपळाई किमान तेरा लागते, तिची चौदा आहे. आणि विज्डम, म्हणजे शहाणपण, तेही किमान तेरा. तिच्या शीटवर अकरा.

मी पुस्तक हळूच मेव्हण्याकडे सरकवलं. त्याने ती ओळ वाचली, बहिणीकडे पाहिलं, आणि पुस्तक तितक्याच हळू परत सरकवलं.

"दाजी, डंजन मास्टर तुम्ही आहात."