चाकाला शिव्या देण्याआधी हँडल बघा

माउंटन बाइकच्या टेस्टमध्ये तुम्ही म्हणता, "२९ इंची चाकाची सायकल अरुंद वळणांवर वळतच नाही" आणि उंची कमी असेल तर २७.५ इंचीच घ्या, हे काही पटलं नाही बुवा. टेस्टच्या सायकलला ६८० मिमी रुंद हँडल आणि ९० मिमीचं स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) होतं हे तुम्हीच वर लिहिलंय, मग सगळं खापर चाकावर का? मोठं चाक जरा जड वळतं हे खरंच, पण हँडल रुंद केलं की तरफ वाढते आणि स्टेम आखूड केलं की स्टिअरिंग चटपटीत होतं. माझ्या २९ ला ७६० चं हँडल आणि ५० चं स्टेम टाकलं तर पुण्यातल्या टेकड्यांवर मुरमाच्या उतारावर पुढचं चाक सांगू तिकडे जायला लागलं, आणि दगडांवरून जाताना मोठ्या चाकाचा फायदा आहेच, २७.५ जिथे अडकून धक्का देते तिथे ही गपगुमान चढून जाते.

आता रुंद म्हणून डोळे झाकून ८०० पण घेऊ नका, घाणेरीच्या झुडपांमधल्या पायवाटेवर बोटं सोलून निघतात. हँडल कापून आखूड करायच्या आधी ग्रिप आणि ब्रेक लिव्हर आत सरकवून चालवून बघा, जमलं तरच करवत लावा, कापलेलं परत जोडता येत नाही. आणि उंची कमी असलेल्यांना सरसकट २७.५ कशाला सांगता? टायर बसतो तिथे २९ च्या रिमचा व्यास ६२२ आणि २७.५ च्या रिमचा ५८४ मिमी, म्हणजे अ‍ॅक्सल (चाकाचा आस) आणि त्यासोबत हँडल साधारण १९ मिमी वर, तेवढं तर रायझर (वर उचललेलं हँडल) काढून फ्लॅट म्हणजे सरळ हँडल टाकलं तरी बऱ्यापैकी भरून निघतं.