मऊ शिसं, कडक शिसं आणि 'जुना नेमबाज' यांची प्रतिक्रिया

रिव्हॉल्व्हरची .३८ स्पेशल काडतुसं घरी भरताना गोळी कशी निवडावी, या माझ्या लेखावर 'जुना नेमबाज' यांनी लिहिलं आहे: "मऊ शिशाच्या गोळ्या सुचवून तुम्ही नवख्यांच्या नळ्या शिशाने भरवता आहात. कडक गोळी घ्या, प्रश्न मिटला. लिहिण्याआधी चार पुस्तकं चाळली असती तर बरं झालं असतं." पुढे ग्लॉक पिस्तुलांचा, किमतींचा आणि हात धुण्याचाही विषय आहे.

चार पुस्तकांचं आधी बोलतो, कारण तेच लागलं. मी ओहायोत राहतो आणि २०११ पासून माझी काडतुसं मीच भरतो. वडील सांगली जिल्ह्यात एका कारखान्यात टर्नर होते. दहाव्या वर्षी त्यांनी माझ्या हातात व्हर्नियर दिला. माप घेतल्याशिवाय मत द्यायची आमच्या घरात रीत नव्हती. असं कुणाला सुनावण्यापूर्वी तुम्ही माझा लेख तरी पूर्ण वाचायचा होता. मऊ शिसं मी फक्त कागदी लक्ष्यावर मारायच्या, कमी दाबाच्या, १४८ ग्रेन वजनाच्या, सपाट नाकाच्या वॅडकटर गोळीसाठी सुचवलं आहे. जास्त दाबाच्या मॅग्नम काडतुसांचं त्यात नावही नाही.

ग्लॉकबद्दल तुमचं बरोबर आहे. त्यांच्या जुन्या पिस्तुलांच्या नळीत बहुकोनी रायफलिंग (गोळीला फिरकी देणारी नळीच्या आतली घडण) असतं आणि उघड्या शिशाची गोळी त्यात वापरू नका असं कंपनीच सांगते. लेख रिव्हॉल्व्हरचा असला तरी ती ओळ हवी होती. आज टाकली.

आता "कडक गोळी घ्या, प्रश्न मिटला". हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की राग येतो. नळीत शिसं चिकटतं ते बहुतेक वेळा गोळी मापाला लहान असल्यामुळे. गोळी आणि नळी यांच्यात फट राहिली की तापलेला वायू कडेने निसटतो, गोळीचा काठ खरवडतो आणि ते शिसं पुढे नळीला लागतं. मऊ गोळी दाबाने किंचित फुगून ती फट बुजवते. पोकळ बुडाच्या वॅडकटरचा तर पातळ घेर त्यासाठीच असतो. शुद्ध शिशाची कठीणता ब्रिनेल मापात ५ च्या आसपास, लायनोटाइप या छपाईच्या मिश्रधातूची २२ च्या आसपास. हलक्या भरणीत २२ ची गोळी फुगणार कशाने? तेवढा दाबच नसतो.

२०१४ मध्ये मी एक जुनं रिव्हॉल्व्हर घेतलं आणि अशाच एका जाणत्याच्या सांगण्यावरून ५०० कडक गोळ्या आणल्या. पन्नास गोळ्यांतच सिलिंडरला लागून असलेल्या नळीच्या तोंडाशी शिशाचा राखाडी थर बसला. पितळी ब्रश घेऊन अख्खा रविवार गेला. मग जे आधी करायला हवं होतं ते केलं: पिन गेजने (ठरावीक व्यासाच्या सळयांनी) सिलिंडरची सहाही तोंडं, म्हणजे गोळी जिथून नळीकडे जाते ती भोकं, मोजली. ०.३५८ इंच निघाली. गोळ्या होत्या ०.३५७. मऊ शिशाच्या ०.३५८ च्या गोळ्या आणल्यावर तीच नळी दोनशे गोळ्यांनंतरही चकचकीत राहिली. (थर तोंडाशी न बसता नळीच्या पुढच्या टोकाला दिसला, तर गोळीवरचं वंगण संपतंय असं समजावं. ते दुखणं निराळं.)

नळीत मऊ शिशाची गोळी ठोकून बाहेर काढा आणि तिचं माप घ्या, असंही मी लेखात लिहिलं होतं. स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरच्या पाच खाचांच्या नळीत ते मायक्रोमीटरने नीट जमत नाही, कारण खाचेसमोर खाच येत नाही. म्हणून तिथे सिलिंडरचं तोंड मोजणं जास्त भरवशाचं. हे कुठल्याही 'जुन्या' नेमबाजाला ठाऊक असावं अशी माझी अपेक्षा होती.

किमती रोज बदलतात, त्या दुकानात विचारा. हात धुवायलाच हवेत, त्यात वाद कसला?

तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत एकही आकडा नाही. सिलिंडरच्या तोंडाचं माप, नळीच्या खाचांचं माप आणि तुमच्या कडक गोळीचा व्यास, एवढे तीन आकडे इथे लिहा. त्यावर मी हवं तितकं बोलायला तयार आहे.