‘बांधावर कधी पाय ठेवलाय का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शहरांच्या कडेची शेतजमीन शहरात कशी सामावून घ्यावी, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “बांधावर कधी पाय न ठेवलेल्यांनी शेतकऱ्याला शेतीच करत बस म्हणून सांगू नये. त्याची जमीन आहे, तो विकेल.” पुढे आणखी तीन मुद्दे आहेत. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या उदाहरणातलं साल चुकलंय, जमिनीवर बंधनं आली की घरं महागतात आणि मध्यम शहरांच्या नगरपालिकांकडे असलं नियोजन करायला माणसंच नसतात. चार ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळं लिहितोय.

आधी साल. चूक माझीच. पोर्टलंड ज्या ओरेगन राज्यात आहे, त्याचा जमीन वापराचा कायदा १९७३ चा आणि पोर्टलंडच्या वाढीची हद्द, म्हणजे शहरानं कुठवर पसरायचं ती रेघ, आखली गेली १९७९ मध्ये. मी दोन्हींची गल्लत केली. लेखात दुरुस्ती केली आहे, त्याबद्दल मनापासून आभार.

आता बांधाचं. मी कोण, कुठून आलो, यातलं काही ठाऊक नसताना तुम्ही हे वाक्य लिहून मोकळे झालात. मतभेद असायला माझी हरकत नाही. पण समोरच्याला बोलण्याचा हक्कच नाही असं आधी ठरवायचं आणि मग मुद्दे मांडायचे, ही पद्धत मला पटत नाही. तेव्हा ऐका.

आमचं शेत शहराच्या कडेला होतं. मी शाळेत होतो तेव्हा शहर ओढ्याच्या पलीकडे होतं, माझं कॉलेज संपेपर्यंत ते ओढा ओलांडून आलं. वरच्या अंगाला असलेल्या शेजाऱ्यानं जमीन विकली. घेणाऱ्यानं प्लॉट पाडले, मुरमाची भर टाकून रस्ता उचलला आणि दहा-बारा फूट रुंद ओढ्याच्या जागी मोरीचा एक पाइप टाकला. त्या पाइपात मी लहानपणी वाकून शिरू शकलो नसतो, एवढाच तो. पहिल्या मोठ्या पावसात पाणी त्या रस्त्याला अडलं आणि मागे फिरून आमच्या शेतात उतरलं. पाच दिवस हललं नाही. सहाव्या दिवशी वडिलांनी एक रोप उपटून हातात धरलं. मूळ काळं पडलेलं, बोटांनी दाबलं की साल निसटून येत होती. ते काही बोलले नाहीत, रोप बांधावर ठेवून घरी आले. तोच बांध, ज्याच्यावर मी पाय ठेवलेला नाही असं तुमचं म्हणणं आहे.

वडील तक्रार घेऊन कचेरीत गेले तेव्हा मी सोबत होतो. तिथल्या माणसानं नकाशा उलगडला, त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, “इथे ओढा नाहीच.” खरंच नव्हता. प्लॉट होते, प्लॉटचे नंबर होते, रस्त्याची रेघ होती. ज्या पाण्यात आम्ही पोहायला शिकलो, त्याची रेघ नव्हती. दोन-तीन पावसाळे असेच गेल्यावर वडिलांनी जमीन विकली आणि घेणाऱ्यानं भाव पाडून मागितला, कारण काय, तर इथे पाणी साचतं! ‘त्याची जमीन, तो विकेल’ हे आमच्या घरात घडून गेलंय, साहेब. शेजाऱ्यानं त्याच्या मर्जीनं विकली, म्हणून माझ्या वडिलांना नाइलाजानं विकावी लागली. यात शेतकऱ्याचं स्वातंत्र्य नेमकं कुठल्या बाजूला होतं, ते तुम्ही सांगा.

आणि ‘शेतीच करत बस’ असं मी लिहिलं कुठे? ते वाक्य लेखातून काढून दाखवा. मी लिहिलं होतं ते जमीन एकत्र करून पुन्हा वाटण्याबद्दल. जर्मनीतल्या फ्रँकफर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांच्या पुढाकारानं १९०२ मध्ये यासाठी कायदा झाला. जपाननं हीच रीत मोठ्या प्रमाणावर वापरली, १९५४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. वेड्यावाकड्या, रस्ता नसलेल्या तुकड्यांचे मालक एकत्र येतात. प्रत्येक जण जमिनीचा काही हिस्सा सोडतो. त्यातून रस्ते, गटारं, बागा निघतात, थोडी जमीन विकून कामाचा खर्च भागवला जातो आणि उरलेली जमीन मालकाला नीट आकाराचा, रस्त्याला लागलेला प्लॉट म्हणून परत मिळते. क्षेत्र घटतं, किंमत वाढते. विकायची असेल तर तो विकतोच, चांगल्या भावानं विकतो. मुख्य म्हणजे पाण्याची वाट पहिला प्लॉट विकला जाण्याआधी कागदावर आलेली असते. माझा सगळा लेख या एका गोष्टीसाठी होता.

ज्याला खरोखर शेती करायची आहे त्याचीही सोय जपाननं केली. शहरी हद्दीतल्या शेतजमिनीसाठी तिथे १९७४ मध्ये कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर ३० वर्षं शेती ठेवण्याचं मान्य करणाऱ्याला शेतजमिनीच्या हलक्या दरानं कर लागू लागला. १९९२ मध्ये नोंदलेल्या जमिनींची मुदत २०२२ मध्ये संपली, तेव्हा या जमिनी एकदम बाजारात येतील अशी काळजी होती, म्हणून आधीच, २०१७ मध्ये, दहा-दहा वर्षांच्या मुदतवाढीची तरतूद केली गेली. नोंदणीला मालकाची संमती लागते. कुणालाही बांधून ठेवलेलं नाही.

माणसं नसल्याबद्दल एवढंच सांगतो. १८११ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यांची आखणी झाली तेव्हा त्या शहराची वस्ती एक लाखाच्या आत होती, म्हणजे आजच्या हिशेबानं मध्यमसुद्धा नाही. तीन आयुक्त होते आणि जॉन रँडेल नावाचा विशीतला मोजणीदार आपली माणसं घेऊन शेतं तुडवत होता. त्या आखणीत कितीतरी ओढे गाडले गेले आणि त्या बाबतीत तिचं अनुकरण मुळीच करू नये. पण रस्त्यांच्या जागा घरांच्या आधी राखून ठेवता येतात आणि त्याला फौज लागत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं. माणसं नाहीत हे कारण मी त्या कचेरीतही ऐकलंय.

घरं महागण्याचा मुद्दा मी सोडून देतोय. पोर्टलंडवरून अर्थतज्ज्ञ अजून भांडताहेत आणि तुम्ही तो एका ओळीत निकालात काढलात, मला तसं करता येत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर तुमच्या शहराच्या कडेला जाऊन या आणि एखादा ओढा नव्या रस्त्याखालून कुठे जातो ते बघून लिहा. पाइप किती रुंद आहे, तेही लिहा.