प्रोसेसर वाढवले की वेग वाढतोच असे नाही

झायस (Xyce) या सर्किट सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरवरील लेखातले 'झायस मोफत आहे, संगणकाला जितके जास्त कोअर तितके सिम्युलेशन वेगवान' हे वाक्य नवख्या वाचकाची दिशाभूल करेल, म्हणून लिहितो.

अमेरिकेतल्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने झायस २०१३ मध्ये जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली खुले केले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण सर्किट सिम्युलेशनमध्ये दोन वेगळी कामे असतात. प्रत्येक ट्रान्झिस्टरचे प्रवाह काढणे हे पहिले. ते अनेक कोअरांना सहज वाटून देता येते. एनजीस्पाइस हा दुसरा मुक्त सिम्युलेटरसुद्धा काही ट्रान्झिस्टर मॉडेल्ससाठी ओपनएमपी (एकाच संगणकाच्या कोअरांत काम वाटण्याची पद्धत) वापरून ते करतो. दुसरे काम म्हणजे त्यातून तयार होणारी विरळ मॅट्रिक्स (जिच्यात बहुतेक जागी शून्य असते, अशी समीकरणांची मांडणी) सोडवणे, आणि खरी गोची तिथेच आहे. उत्तराच्या टप्प्याटप्प्याने जवळ जाणाऱ्या न्यूटनच्या पद्धतीच्या प्रत्येक आवर्तनात, प्रत्येक कालपायरीवर ती पुन्हा सोडवावी लागते. शिवाय तिची रचना वेडीवाकडी. वीजपुरवठ्याचा एकच नोड (जोडबिंदू) हजारो घटकांना जोडलेला असतो, त्यामुळे तिचे नीट तुकडे पडत नाहीत आणि प्रोसेसरांचा वेळ एकमेकांना निरोप देण्यातच जातो.

म्हणून काही हजार नोडच्या सर्किटला एका प्रोसेसरवरचा केएलयू सॉल्व्हरच (मॅट्रिक्स थेट सोडवणारा प्रोग्राम) बहुधा सरस ठरतो. मधल्या आकाराला मॉडेलची गणिते वाटून, मॅट्रिक्स एकाच ठिकाणी सोडवावी. झायसमध्ये तशी सोय आहे. लाखो अज्ञातांपर्यंत गेलात की मग पुनरावृत्त सॉल्व्हर (अंदाज पुन्हा पुन्हा सुधारत उत्तर काढणारा), आणि त्यालाही प्रीकंडिशनर, म्हणजे मॅट्रिक्स आधी सोपी करून देणारी पायरी, नीट निवडावा लागतो, नाहीतर उत्तर अभिसरतच नाही, म्हणजे एका किमतीवर स्थिरावतच नाही.

विद्यार्थ्यांनी आधी एका कोअरवर वेळ मोजावी, नंतरच एमपीआयकडे (अनेक प्रोसेसरांनी एकमेकांना निरोप देत काम करण्याची पद्धत) वळावे.