कोर्टाजवळच्या टायपिंगच्या दुकानात वकिलाचं नाव का मिळालं नाही

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय काल रात्री दुकान आवरल्यावर वाचला. आईंच्या नावावरच्या फ्लॅटमधला भाडेकरू मुदत संपूनही निघत नाही, म्हणून तुम्ही दोघं पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात आलात. आमच्याकडे झेरॉक्स काढताना ‘एखादा चांगला वकील सांगा’ म्हणालात. मी नाव सांगितलं नाही, अर्धा तास ताटकळत ठेवलं, वर पैसेही जास्त लावले, असं तुम्ही लिहिलंय. बाहेरच्या एका माणसाने दोन मिनिटांत वकील गाठून दिला, मग कोर्टाच्या दारात दुकान थाटून एवढीशी मदत करायला काय झालं होतं, असा तुमचा प्रश्न आहे. एक तारा त्याचाच.

आधी माझ्या चुका. तुम्ही एक संच मागितला होता. कोर्टाच्या कामाला दोन लागतात, या सवयीने आमच्या मुलाने न विचारता दोन काढले आणि दोन्हीचे पैसे घेतले. ३४ पानांचे ६८ रुपये तुम्हाला परत देणं आहे. साडेदहा ते साडेअकरा ही आमची सगळ्यात घाईची वेळ. वकील मंडळींची प्रतिज्ञापत्रं अकराच्या आत हातात द्यावी लागतात. पण तुमच्या आईंना उभं ठेवायचं ते कारण होऊ शकत नाही. दुकानात एकच स्टूल आहे आणि त्यावर फायलींचा गठ्ठा होता. तो उचलून खाली ठेवायला मला दहा सेकंद लागले असते. त्याबद्दल आईंची मनापासून माफी मागते.

नाव न सांगण्याबद्दल मात्र माफी मागणार नाही. ते मी का सांगत नाही, हे घाईत तुम्हाला नीट समजावलं नाही, एवढी चूक कबूल.

बार कौन्सिल ही वकिलांवर देखरेख करणारी संस्था, तिच्या नियमांनी वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे. त्यामुळे पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढणारा माणूस चहावाल्याला विचारतो, स्टॅम्प विकणाऱ्याला विचारतो, टायपिंगवालीला विचारतो. वडिलांनी एका टेबलावर टाइपरायटर मांडून काम सुरू केलं, तेव्हापासून हा प्रश्न आमच्या घरात रोज येतो. एके काळी मीही नावं सांगायची. पैसे घेऊन कधीच नाही, आपली ओळख म्हणून.

मुळशीकडच्या एक आजी होत्या. दिरांनी जमिनीच्या फेरफारात, म्हणजे हक्काच्या सरकारी नोंदीत, परस्पर बदल करून घेतला होता आणि मंडळ अधिकाऱ्याने तो मंजूरही केला होता. मी त्यांना ज्यांचं नाव दिलं, त्या वकिलांचं टायपिंग मी वर्षानुवर्षं करत होते. माणूस अगदी सरळ, फी माफक, जामिनाच्या कामात नाव घ्यावं असा. त्यांनी वाटपाचा दिवाणी दावा लावला आणि तो चांगला लिहिला, कारण टाइप मीच केला होता. पण फेरफाराविरुद्ध प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील करायला ६० दिवस असतात, तिकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. महसुलाचं काम रोज करणाऱ्या वकिलाने पहिल्याच भेटीत आदेशाची तारीख विचारली असती. पुढे विलंब माफीचा अर्ज, मग त्या अर्जाच्याच तारखा. आजी एके दिवशी साडीच्या दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत सगळे कागद घेऊन आल्या. एकेक कागद काउंटरवर उलगडून ठेवला. आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, “ताई, नाव तुम्हीच दिलं होतं ना?” त्या दिवसापासून मी नाव देत नाही.

दुसरं कारण कायद्याचं. पैसे घेऊन वकिलाकडे पक्षकार पोचवणाऱ्याला दलाल म्हणतात. २०२३ च्या दुरुस्तीने वकील कायद्यात ४५-अ कलम आलं, त्यात अशा दलालांची यादी न्यायालयाने लावायची तरतूद आहे. यादीत नाव असूनही तो धंदा केला तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुम्हाला भेटलेला माणूस तसा होता असं मी म्हणत नाही, मी त्याला पाहिलेलंही नाही. त्याने सांगितलेले वकील उत्तमही असतील. पण वकीलपत्रावर, म्हणजे वकील नेमल्याच्या कागदावर, सही अजून व्हायची असेल, तर तेवढ्यात हे वाचा.

तुमचे कागद माझ्या हाताखालून गेले, त्यात काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंय त्यावरच बोलते. करार राहण्यासाठीच्या जागेचा, नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्सचा असेल आणि मुदत संपली असेल, तर हे काम नेहमीच्या दिवाणी दाव्याचं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा असतो. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर तो जितके दिवस राहिला, त्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाईची तरतूदही त्याच कलमात आहे. तोच जर जुना पागडीचा भाडेकरू असता, तर रस्ता लघुवाद न्यायालयाचा, जिथे घरमालक-भाडेकरूंचे दावे चालतात. म्हणजे ‘भाडेकरू काढायचाय’ या एकाच वाक्याला वेगवेगळी दारं आहेत, आणि रोज त्याच दारात उभा असणारा वकील तुम्हाला हवा. म्हणून मी तुम्हाला ‘आधी करार घेऊन बसा’ म्हणाले होते. तुम्हाला ती टाळाटाळ वाटली.

वकिलांना सरळ विचारा: कलम २४ चा अर्ज शेवटचा कधी केला होता? तारखेला तुम्ही स्वतः याल की ज्युनियर येतील? चांगल्या वकिलाला याचा राग येत नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोधलं की कोर्टातली त्यांची कामं कोणत्या प्रकारची आहेत ते फुकटात दिसतं. सनद क्रमांक, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा क्रमांक, विचारायलाही लाजू नका.

फीबद्दल एकच सांगते, टप्पे पाडून लिहून घ्या आणि प्रत्येक वेळी पावती मागा. ‘जिंकलो तर इतके टक्के द्या’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलांना बंदी आहे. कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. मी दिवसाला कितीतरी वकीलपत्रं छापते, आणि नावं, न्यायालय, काहीच न भरता खाली सही करून जाणारी शिकलेली माणसं बघून जीव खालीवर होतो. माझ्या वडिलांचे उसने दिलेले पैसे वकिलाच्या शब्दावर विसंबून बुडाले. वकील ‘दावा लावलाय’ म्हणत राहिले, वडील विश्वासाने थांबले आणि पैशाच्या वसुलीची ३ वर्षांची मुदत उलटून गेली. दावा लागलाच नव्हता. आता काम कोर्टात दाखल झालं की १६ अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा ओळख क्रमांक, मिळतो. तो मागून घेतला की पुढची तारीख घरबसल्या मोबाइलवर बघता येते.

आणि पुढे पटलं नाही तर वकील बदलता येतो. फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय.

एक गोष्ट त्या दिवशी सांगायला हवी होती. फ्लॅट आईंच्या नावावर आहे, अर्जदार त्याच असणार. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी साहाय्य मिळतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच आहे. तिथला वकील घ्याच असं नाही, निदान सल्ला घेऊन या. तेवढं दाखवायला मी तुमच्याबरोबर चार पावलं आले असते तर हा अभिप्राय लिहायची वेळच आली नसती.

तुमचा दुसरा संच माझ्या खणात पाकिटात बंद करून ठेवलाय, ६८ रुपये त्यातच आहेत. येताना दुपारी दीडनंतर या, तेव्हा गर्दी नसते आणि आईंना निवांत बसता येईल. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते, त्या दिवशी दुकानही बंद असतं.